जेवणाच्या टेबलावरचा छापखाना

लंडनजवळच्या रिचमंडमध्ये १९१७ साली कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फ आणि त्यांचे पती लेनर्ड यांच्या घरी हातानं चालवायचं छोटं छपाईयंत्र आलं. ते मांडलं जेवणाच्या टेबलावर. खिळे जुळवायला व्हर्जिनिया स्वतः शिकल्या. घराचं नाव हॉगर्थ हाउस, म्हणून प्रकाशन हॉगर्थ प्रेस.

व्हर्जिनिया यांच्या पहिल्या दोन कादंबऱ्या त्यांच्या सावत्र भावाच्या संस्थेनं काढल्या होत्या. १९२२ची ‘जेकब्ज रूम’ मात्र घरच्या प्रकाशनातून आली, आणि पुढच्या कादंबऱ्याही. मनासारखं लिहायची केवढी मोकळीक!

तरी कच्चा खर्डा त्यांनी कधी छापायला दिला नाही. सकाळी हातानं लिहायचं, मग टंकलेखन करताना दुरुस्त्या करायच्या, अशी त्यांची रीत. ‘द वेव्ह्ज’चा पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर त्यांनी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहून काढली. १९३७च्या ‘द इयर्स’नं तर त्यांचा अंत पाहिला. मुद्रितं हातात आल्यावरही त्यांनी मोठाले भाग कापून टाकले. लिहिलेलं पान काढताना काय यातना होतात, ते लिहिणाराच जाणे.

त्यांचा पहिला वाचक घरातच होता. पूर्ण झालेली कादंबरी लेनर्ड वाचत, आणि ते काय म्हणतात याची व्हर्जिनिया धास्तावून वाट पाहत.