रक्त आलं म्हणून ब्रश सोडू नका
(धाड येथे बचत गटांच्या मासिक बैठकीत बोललेला मजकूर)



मागच्या बैठकीनंतर एक मावशी हळूच म्हणाल्या, "पोरी, बरश लावला की रगत येते, म्हून म्या सोडूनच देला. आता मिसरी लावते, तिनं बरं वाटते." शेजारच्या चार-पाच जणींनीही मान हलवली. म्हणून आज हप्त्यांच्या आधी थोडं यावर बोलते.

हिरडीतून रक्त बहुतेक वेळा घाणीमुळेच येतं. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे मऊ, पांढुरका थर बसतो. त्यातल्या जंतूंनी हिरडी सुजते, लाल होते, मग जरा धक्का लागला की रक्त. आपल्याला वाटतं ब्रशनेच जखम झाली. आपण ब्रश सोडतो, थर वाढतो अन् रक्तही वाढतं! मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेने हलक्या हाताने फिरवा, सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचा तर चुकवूच नका. साधारण दोन आठवड्यांत फरक पडतो. नाही पडला तर थराचं कीटण झालेलं असतं, ते ब्रशने निघत नाही. दाताच्या डॉक्टरांकडून साफ करून घ्यावं लागतं. त्याने दात हलायला लागतात, ही भीती खोटी आहे.

आता मिसरी. (बघा, नाव काढलं की सगळ्या खाली बघता!) मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तलफ भागते म्हणून बरं वाटतं, हिरडी बरी होत नाही. उलट ती दातापासून सरकते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला कोण अडवणार? सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे.

गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, तेव्हाही ब्रश चालू ठेवा आणि आशाताईंना सांगा. शुगर असेल तर ती तपासा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा, मनाने बंद करू नका. जेवणात पेरू, आवळा, लिंबू असू द्या. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थांबूच नका.

त्या मावशींना विचारूनच ही गोष्ट सांगितली. मंगळवारी त्यांना घेऊन बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जातेय. अजून कुणाला यायचं असेल तर हप्ता भरताना माझ्याकडे नाव द्या.