घरातून गेलेले पाणी



आपले शहर पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसले. निजामशाहीतील कारागिरांनी कापूरवाडी, भिंगार अशा ठिकाणांहून नुसत्या उताराच्या बळावर, जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणले. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. मला मात्र आज बोलायचे आहे ते मोरीतून आणि संडासातून बाहेर जाणाऱ्या पाण्याविषयी. ते सीनेला मिळते, सीना भीमेला मिळते, एवढे भूगोलात येते. पण त्यातला काही अंश हवेतही जातो.

साचलेल्या पाण्यात घाण करू नये, हे तहारतच्या धड्यात तुम्ही शिकला आहात. त्यामागचे रसायनशास्त्रही पाहू. वाहत्या पाण्यात हवा मिसळते. तिथले जंतू प्राणवायूच्या मदतीने मैला कुजवतात आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. सेप्टिक टँकमध्ये, तुंबलेल्या गटारात, नदीच्या गाळात प्राणवायू पोचत नाही. तिथे दुसऱ्याच जातीचे जंतू मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन पृथ्वीला सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० किलोइतका. मिथेनला वास नसतो. सीनेकाठी आपण रुमाल लावतो तो हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंमुळे.

शुद्धीकरण केंद्र बांधले की सारे मिटले, असेही नाही. तिथे हवा फुंकायला वीज लागते, शिवाय मैल्यातील नायट्रोजनपासून थोडा नायट्रस ऑक्साइड सुटतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट जहाल. तरीही केंद्र हवेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर.

विद्यार्थ्यांनो, हाच मिथेन कामालाही येतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतील वायूवर दिवे लावले गेले. देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या गॅस संयंत्रांसाठी आयुष्य वेचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. चुलीत जळाला की मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे त्याचा जहालपणा पुष्कळच उतरतो.

आता पालकांना सांगतो. पुष्कळ घरांत टाकी दहा-दहा वर्षे उघडली जात नाही. तळाशी गाळ जितका साचेल तितका मिथेन अधिक. दोन-तीन वर्षांनी ती उपसलीच पाहिजे, पण यंत्राच्या गाडीने. टाकीतील वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेलाही पुष्कळदा वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असे टाकीत उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. गाडीचे चार पैसे वाचवण्यासाठी गरिबाला आत उतरवणारे आपल्यातही आहेत. मशिदीत त्याच्याच खांद्याला खांदा लावून आपण उभे राहतो!

गाडी बोलावताना चालकाला विचारा, मैला कुठे नेऊन ओतणार? नाल्यात म्हणाला तर दुसरी गाडी पाहा. झाकण उघडल्यावर मुलांना लांब ठेवा आणि जवळपास कुणालाही बिडी पेटवू देऊ नका.