लाल-सोनेरी, हिरवा-मरून

18 मार्च 2023 ची रात्र. गोव्यात फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना नुकताच संपला होता. बेंगळुरूशी 2-2 अशी बरोबरी झाली, मग पेनल्टी शूटआउट आणि त्यात 4-3 अशी सरशी. जिंकलेल्या संघाचं त्या दिवसापर्यंतचं नाव एटीके मोहन बागान. करंडक तर मिळालाच, पण कोलकात्यात त्याहून जास्त जल्लोष झाला तो दुसऱ्याच बातमीचा. मालकांनी त्याच रात्री जाहीर केलं की नावातलं ‘एटीके’ आता काढून टाकणार. तीन वर्षं लावून धरलेली मागणी अखेर पदरात पडली होती.

या मागणीचं मूळ 2020 मध्ये आहे. मोहन बागानचा फुटबॉल विभाग त्या वर्षी एटीके या संघात विलीन झाला. एटीके 2014 मध्ये जन्मलेला, तर मोहन बागान 1889 चा. एटीकेची जर्सी स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिदच्या वळणाची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. विलीनीकरणाची बातमी आली तेव्हा समर्थकांनी पहिला प्रश्न पैशांचा विचारला नाही, खेळाडूंचाही नाही. आपल्या हिरव्या-मरून जर्सीचं काय होणार, हा तो प्रश्न होता. शेवटी जुलै 2020 मध्ये जर्सीचे रंग आणि बोधचिन्हावरची शिडाची होडी कायम राहील असा निर्णय झाला, तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला. नावाचा लढा मात्र पुढे चालूच राहिला.

आज मला या जर्सीबद्दलच बोलायचं आहे. खेळाडू येतात-जातात, प्रशिक्षक बदलतात, मालकसुद्धा बदलतात. अंगावरचे रंग टिकतात, कारण ते समर्थकांनी मनात जपलेले असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की क्लबचा कारभार कोणाच्याही हाती असो, त्याची जर्सी समर्थकांच्या मालकीची असते.

29 जुलै 1911 चा दिवस घ्या. आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं. गोऱ्या पलटणीच्या पायांत बूट, आणि आपल्या अकरांपैकी दहा जण अनवाणी. बूट घातलेले एकटे सुधीर चॅटर्जी. पिछाडीवर असताना कर्णधार शिवदास भादुडींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. त्या संघाचं छायाचित्र आजही बागानवाल्यांच्या घरांत भिंतीवर दिसतं. छायाचित्र कृष्णधवल आहे. जर्सीवरचे उभे पट्टे त्यात कळतात, रंग कळत नाहीत. पण त्या घरातल्या लहान पोराला विचारा, कोणता पट्टा हिरवा आणि कोणता मरून हे ते न अडखळता सांगेल. आजोबांनी बापाला सांगितलं, बापाने पोराला सांगितलं. 29 जुलै हा दिवस आजही ‘मोहन बागान दिवस’ म्हणून साजरा होतो.

मोहन बागानचा कट्टर प्रतिस्पर्धी क्लब ईस्ट बंगाल, त्याची गोष्ट याहून वेगळी आहे. 28 जुलै 1920 ला जोडाबागान क्लब आणि मोहन बागान यांच्या सामन्यात जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला बाहेर बसवलं. हे पूर्व बंगालच्या माणसाला मुद्दाम डावलणं आहे, असं क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना वाटलं. त्यांनी जोडाबागान सोडला आणि 1 ऑगस्टला नवा क्लब काढला. क्लब निघाला, पण जर्सी कुठली घ्यायची? चौरंगीवर व्हाइटअवे लेडलॉ नावाचं गोऱ्या साहेबांचं मोठं दुकान होतं. तिथे टांगलेले लाल-सोनेरी शर्ट या मंडळींच्या नजरेत भरले. क्लबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की ते शर्ट ऐंशी रुपयांना घेतले. 1920 साली ऐंशी रुपये म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. पुढे 1947 ची फाळणी झाली. घरदार, शेतीवाडी, नदीकाठ मागे टाकून लाखो माणसं कोलकात्याच्या निर्वासित वसाहतींत आली. ज्यांच्यापाशी गावाची कसलीही खूण उरली नव्हती, त्यांच्यासाठी हे लाल-सोनेरी रंग म्हणजे गाव झाले. दुकानातून विकत आणलेल्या शर्टांना हा अर्थ माणसांनी दिला.

जुन्या समर्थकांशी बोलताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या आठवणीत तारखेच्या आधी जर्सी येते. कोलकाता लीग भर पावसाळ्यात चालायची. सुती, कॉलरची जर्सी पावसाने जड व्हायची, अंगाला चिकटायची, आणि उत्तरार्धात चिखलाने इतकी माखायची की कोण कुठल्या बाजूचा हे बाह्यांवरच्या रंगावरून ओळखावं लागायचं. 1975 च्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानवर 5-0 असा विजय मिळवला. त्या दिवसाचा लाल रंग एका घरात दिवाळी होऊन राहिला आहे आणि शेजारच्या घरात ठसठसणारी जखम. 13 जुलै 1997 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर याच दोघांच्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला 1,31,781 प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकला. 2003 मध्ये जकार्तात आशियान करंडकाच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी टेरो सासाना संघाला 3-1 ने हरवलं, तेव्हा त्या तीन गोलांतला एक आपल्या गोव्याच्या आल्विटो डिकुन्हाचा होता. गोव्याचा मुलगा लाल-सोनेरी जर्सीत गोल करतो आणि कोलकाता त्याला आपलाच मानतं. ही त्या जर्सीची किमया.

पैशाने जर्सीवर हात टाकला नाही असं नाही. 1998 मध्ये एकाच मद्यउद्योग समूहाने दोन्ही क्लबांत भागीदारी घेतली. एका छातीवर मॅकडॉवेल आलं, दुसऱ्या छातीवर किंगफिशर. मालक एक, तरी गॅलरीतलं वैर तसूभरही कमी झालं नाही. लोक अक्षरांकडे बघत नव्हते, त्यांचे डोळे अक्षरांमागच्या रंगांवर होते.

27 नोव्हेंबर 2020 ला इंडियन सुपर लीगमधली या दोघांची पहिली लढत झाली ती वास्कोच्या टिळक मैदानावर. करोनामुळे स्टँड रिकामे होते. मोहन बागान 2-0 ने जिंकला. ज्या सामन्याला लाखभर माणसं जमायची, तो असा ओस मैदानात झाला. तरीही कोलकात्यात माणसं आपापली जर्सी चढवून टीव्हीपुढे बसली होती. पाहायला कुणी नसतानाही माणूस जर्सी घालतो, ती स्वतःसाठी.

आणि मग ऑगस्ट 2024. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरच्या अत्याचाराने आणि तिच्या हत्येने कोलकाता पेटून उठलं होतं. 18 ऑगस्टचा या दोघांचा ड्युरँड कपमधला सामना रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी दोन्हीकडचे समर्थक आपापल्या जर्सी घालून सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले. शंभर वर्षांचे प्रतिस्पर्धी, खांद्याला खांदा लावून, त्या मुलीसाठी न्याय मागत होते. लाठ्याही खाल्ल्या. घरी जर्सी काढून ठेवून ते साध्या कपड्यांत येऊ शकले असते. पण आपल्या आयुष्यातलं जे सर्वांत मोलाचं, ते अंगावर घालूनच ते रस्त्यावर उतरले.

श्रोतेहो, हे सगळं दूरच्या बंगालचं आहे असं मानू नका. रोव्हर्स कपच्या निमित्ताने हेच रंग मुंबईच्या कूपरेजवर किती वेळा आले! ती स्पर्धा आता होत नाही. 2006 साली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2010 मध्ये गाशा गुंडाळला. गोव्याच्या साळगावकरने दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. या संघांच्या जर्सी कुठे आहेत? कुणाच्या तरी ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर, नाहीतर फरशी पुसायच्या फडक्यांत. जिथे आजोबा सांगत नाहीत, तिथे एका पिढीत रंग विसरले जातात.

म्हणून दोन गोष्टी मागतो. क्लब चालवणाऱ्यांनी रंगाला हात लावण्याआधी समर्थकांना विचारावं, आणि प्रत्येक हंगामाची एक तरी जर्सी नीट जपून ठेवावी. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या संघाची जर्सी असेल, मग ती जिल्हा लीगमधली का असेना, त्यांनी ती कुणी घातली, कोणत्या वर्षी, कोणत्या सामन्यात, हे एका कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवावं. आपल्याकडच्या फुटबॉलचा इतिहास लिहायला कुणी बसेल तेव्हा तो कागद त्याच्या उपयोगी पडेल.