माळ काढून ठेव, मग जा



आषाढीच्या आदल्या रात्री, आपल्या मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरात मी हे बोललो. पुस्तकात टाळ-मृदंग ऐकू येणार नाही, तेवढं तुम्ही मनात धरा.

कीर्तनाआधी एक पोरगा भेटला. म्हणाला, "महाराज, मी लाल झेंड्याच्या सभेला जातो. वडील म्हणतात, तिकडं जायचं तर गळ्यातली माळ काढ. सभेतली पोरं म्हणतात, माळ घालून इकडं कशाला येतोस. मी करू काय?"

मला हसू आलं. कारण हे वाक्य आमच्या घरात सन १९४७ सालीच बोललं गेलंय.

माझे वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे. शाहू मिलमध्ये कामाला. आजोबा पक्के वारकरी, निष्ठा अशी की एकादशीला पाण्याचा घोटसुद्धा मोजून. त्या वर्षी १ मे रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना उघडा, एवढंच मागणं. गुरुजी समाजवादी, तुरुंग भोगलेले. पण ते मागत काय होते? जमीन नाही, पगार नाही. विठोबाच्या पायावर डोकं टेकायचा हक्क मागत होते! बसायला जागा दिली तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. आणि ज्यांना गुरुजी मानायचे त्या गांधीजींची तार आली, उपोषण सोडा म्हणून. तरी नाही सोडलं.

वडील निघाले पंढरपूरला. आजोबा दारात. "माळ काढून ठेव, मग जा."

वडील म्हणाले, "माळ घालूनच जाणार."

आणि जाता जाता एक बोलले, ते आजोबांना फार लागलं. आमचे आजोबा शाहू महाराजांची गोष्ट अभिमानानं सांगायचे. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, कुणी फिरकेना, तर महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायचे, ही. वडील म्हणाले, "आबा, राजानं घेतलेला चहा तुम्हाला चालतो, मग देवाच्याच दारात का अडतंय?"

वर्षभर बापलेक बोलले नाहीत. एका चुलीवरचं जेवले, पण बोलले नाहीत. आजीच मधे निरोप्या. "त्याला सांग, मीठ दे." "त्यांना सांगा, मीठ संपलंय."

मंदिर उघडल्यावर पुढं एका वारीत आजोबांच्या पुढं रांगेत एक म्हातारा होता. नामदेव पायरीशी चोखोबांची समाधी आहे ना, आयुष्यभर तिथूनच हात जोडून माघारी फिरलेला माणूस. त्यानं पायावर डोकं ठेवलं ते उचलेचना. मागचे लोक ओरडायला लागले. आजोबांनी हात आडवा धरला आणि लोकांना थांबवलं. घरी आल्यावर वडिलांना एवढंच म्हणाले, "देव बाटला न्हाई रं." आणि लगेच, "पण तुझ्या बावट्याला मत न्हाई द्यायचो." नाहीच दिलं!

आता बघा, माळ घालताना काय कबूल करून घेतात? मांस सोड, दारू सोड, एकादशी धर, वारी कर. पक्ष कुठला, असं विचारलेलं मी चाळीस वर्षांत ऐकलं नाही. मग काहीही चालतं का? तसं नाही. कर किती असावा, कारखाना कुणाच्या ताब्यात असावा, यावर भांडा खुशाल. पण समोरचा माणूस शिवायच्या लायकीचा नाही असं ज्या मतात येतं, ते मत आणि ही माळ एका गळ्यात राहत नाही. तिथं आजोबांना सरकावं लागलं, वडिलांना नाही.

दुसऱ्यांचं सांगणं सोपं, आता माझं सांगतो.

माझा धाकटा भाऊ आणि मी, आमचे पक्ष वेगळे. एका निवडणुकीत मी त्याला चारचौघांत नको ते बोललो. "बापाचं नाव घालवलंस" म्हणालो. मी, रोज दुसऱ्यांना क्षमा सांगणारा! त्यानंतर तीन वर्षं त्याच्या उंबऱ्याला माझा पाय लागला नाही. आईचं वर्षश्राद्धसुद्धा दोन घरांत दोन झालं. भटजींनी दक्षिणा दोनदा घेतली, त्यांचं बरं झालं.

तिसऱ्या वर्षी नंदवाळच्या दिंडीत वीणा माझ्या गळ्यात होता. पुईखडीचं रिंगण झालं, लोक विणेकऱ्याच्या पाया पडायला लागले. तुम्हाला रीत ठाऊक आहे. जो पाया पडेल, त्याच्या पाया विणेकऱ्यानंही पडायचं. लहान-मोठा बघायचा नाही. रांगेत भाऊ दिसला. खरं सांगतो, मी वीणा दुसऱ्याकडं द्यायला निघालो होतो. घेणाराच सापडेना. तो आला, वाकला. मला वाकावंच लागलं. त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, अगदी वडिलांसारख्या. मला वर उठवेना.

तो म्हणाला, "दादा, ऊठ, वीणा टेकतोय चिखलात."

पुढच्या निवडणुकीत त्यानं त्याच्या माणसाला मत दिलं, मी माझ्या. मतदान करून आम्ही दोघं त्याच्याच घरी चहाला गेलो, वहिनींनी साखर जास्त घातली होती.