पाहुण्यांचा नकाशा



माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या दारावरच अधिक झाले. म्हणून कोणतीही योजना पुढे आली की मी आधी विचारतो: यातली मजुरी कोणाच्या पदरात पडणार?

२०१८ साली सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. २०२५ साली शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंदाचीच गोष्ट आहे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट आणि आंबेगावच्या बाजूला भीमाशंकरचे रान. एवढे वैभव असता पाहुणे येणारच. पण पाहुणे येणे निराळे आणि गावाचे पोट भरणे निराळे. सकाळी मोटारीने यावे, गड चढावा, दर्शन घ्यावे, हमरस्त्यावर जेवावे आणि रात्री पुणे-मुंबई गाठावी, हीच रीत राहिली तर डोंगरातल्या वाडीच्या वाट्याला धूळ तेवढी येईल.

असे पूर्वी एकदा घडले आहे. कुकडी प्रकल्पात पाच धरणे झाली. त्यांतल्या डिंभे धरणाने जुने आंबेगाव पोटात घेतले. ज्या गावाचे नाव तालुक्याने लावले, तेच गाव आज पाण्याखाली आहे! कालव्यांनी खालची शिवारे हिरवी केली, ही चांगलीच गोष्ट. परंतु जमीन वरच्यांची गेली आणि पाणी उताराने खाली गेले. पैसाही उताराकडेच धावतो. त्याला बांध घालावा लागतो.

तो बांध नकाशावर घाला. पहिली रेघ बांधकामबंदीची. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसे गेली. धोक्याच्या उतारावर विश्रामगृहे आणि रस्ते खोदण्यापूर्वी ते गाव आठवावे. दुसरी रेघ मुक्कामाची. पाहुणा जिथे रात्र काढतो तिथे दूध, भाकरी, वाटाड्या, जीपवाला, सगळ्यांचा रोजगार होतो. म्हणून मुक्काम पश्चिमेच्या गावांत, गावकऱ्यांच्या घरांत असावा. तिसरी रेघ ग्रामसभेची. तिकडची बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात; १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. तिला विचारल्यावाचून एक खुंटीही ठोकू नये.

कोणी म्हणेल, मोठी हॉटेले आली की नोकऱ्या येतील. येतील, पण हिरडा गोळा करणाऱ्याने आपली जमीन विकावी आणि तिच्यावरच परक्याची झाडलोट करावी, याला मी विकास म्हणत नाही. नोकरी द्यायची तर ठरलेला पगार आणि आठवड्याची सुट्टीही द्या.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. घाटातून माल गेला की त्यातला काही हिस्सा घाटमाथ्यावर राही, एवढी समज त्या काळी होती. नवा नकाशा काढणाऱ्यांनी तो रांजण पाहून यावा, आणि मगच पेन्सिल हाती धरावी.