यंत्र जावें, अक्षर राहावें

श्रोतेहो, गेल्या श्रावणांत नांदेड येथें माझ्या घरीं एक लहानसा अपघात घडला. टेबलावरील तांब्या लवंडला आणि कळफलकावाटे पाणी लॅपटॉपमध्यें शिरलें. त्या यंत्रांत माझा सहा वर्षांचा ठेवा होता. सेवानिवृत्तीनंतर कंधार व मुखेड तालुक्यांत हिंडून मीं जात्यावरच्या ओव्या जमविल्या होत्या. त्या सांगणाऱ्या कित्येक आज्या आज हयात नाहींत. आणि प्रत मात्र एकच!

पाणी पुसून मीं लगेच बटण दाबलें. यंत्र क्षणभर उजळलें व कायमचें विझलें. ही माझी पहिली चूक. ओल असतांना आंतून वीज खेळली, कीं ती भलत्या वाटेनें जाते आणि नाजूक भाग जळतात. अशा वेळीं चार्जर तत्काळ काढावा, बटण दाबून धरून यंत्र बंद करावें, तें पालथें ठेवावें, व जाणकारानें उघडून पाहीपर्यंत पुन्हां सुरू करूं नये. तें तांदळांत पुरून ठेवण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. परंतु पाण्यांतील क्षार त्यानें निघत नाहींत, व उशीर मात्र होतो.

दुसरी चूक थोडक्यांत टळली. एका दुकानीं मला सांगण्यांत आलें, "हा जुना द्या, बदल्यांत नवा घ्या." मी देणारच होतों. तेवढ्यांत लातूरला दुरुस्तीचें काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यास फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, लॅपटॉप खुशाल द्या, पण आंतली डिस्क देऊं नका!"

दुसऱ्या दिवशीं एस. टी. नें लातूर गांठलें. त्यानें चार स्क्रू काढून डिस्क वेगळी केली, एका लहानशा पेटींत बसविली व तारेनें दुसऱ्या संगणकास जोडली. माझे कागद पडद्यावर दिसूं लागले तेव्हां मला गहिंवरून आलें. परंतु हें सर्वत्र इतकें सोपें नसतें. कित्येक नव्या यंत्रांत साठवण मदरबोर्डवरच जोडलेली असते. तेथें बोर्डच जिवंत करावा लागतो. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची किल्ली लागते. विंडोजमधील ही किल्ली ४८ आंकड्यांची असते, ती आधींच कागदावर उतरून ठेवावी. जुन्या फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येऊं लागल्यास प्रयोग थांबवून ती तज्ज्ञाकडेच न्यावी.

मग दुरुस्ती करावी कीं नवें घ्यावें? कळफलक, बॅटरी, पडदा हे भाग बदलतां येतात. बोर्डाचा खर्च मात्र दुसऱ्या यंत्राच्या निम्म्या किंमतीपलीकडे जात असेल, तर बदलणें शहाणपणाचें. हा हिशेब माहिती हातीं आल्यावर करावा, आधीं नव्हे.

माझें सर्व मिळालें. केवळ त्या दिवशीं आठवून लिहीत असलेल्या, न साठविलेल्या अकरा ओव्या गेल्या. त्या पुन्हां विचारण्यास गेलों, तेव्हां आजीला जाऊन आठवडा झाला होता.

नांदेड जिल्ह्यांतील माहूर महानुभावांचें पवित्र स्थान. त्या पंथाची परंपरा सांगते, कीं म्हाइंभटांनीं सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी स्वारीच्या धामधुमींत नाहींशी झाली. अनुयायांनीं स्मरणानें ती पुन्हां लिहिली. म्हणून तिचे निरनिराळे पाठ झाले. माझ्या अकरा ओव्या दुसऱ्या कोणास पाठ नव्हत्या.

प्रत असावी, परंतु त्याच कपाटांत नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी परिसरांत घरेंच्या घरें कोसळलीं. हजारो माणसें गेलीं, तेथें कागदांचें दुःख कोण करणार? तथापि घराबरोबर घरांतील सर्व प्रती जातात, हें आपण विसरूं नये. जाणते लोक म्हणतात : प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत परगांवीं. माझी तिसरी प्रत आतां लातुरास असते.

श्रोतेहो, यंत्र पैशानें मिळतें. आजीची ओवी मिळत नाहीं. आज निजण्यापूर्वीं एक प्रत कराच.