अक्षरांचे देणे



हिब्रू भाषेत दानाला जो शब्द आहे तो 'त्झेदाका'. या शब्दाचे मूळ न्याय या अर्थाच्या धातूत आहे. दया आणि करुणा यांच्यासाठी त्या भाषेत वेगळे शब्द आहेत; गरजूला देणे मात्र न्यायाच्या घरात मोडते. ज्याच्यापाशी आहे त्याने देणे हा त्याच्या मनाचा थोरपणा मानलेला नाही, ते त्याच्यावरचे देणेच मानले आहे. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतील सर्वांत वरची पायरी अशी: अडलेल्या माणसाला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन अथवा काम मिळवून देऊन असे उभे करावे की, पुन्हा कोणापुढे हात पसरण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

निरक्षराला अक्षर देण्याचे काम या पायरीच्या अगदी जवळचे आहे. ज्यू समाजाने शिक्षणाच्या वाटेने इतर समाजांशी नाते जोडण्याचे जे प्रयत्न केले, ते याच मापाने मोजून पाहणे योग्य ठरेल. शिकवणारा शिकणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभा करतो की आपल्या उपकाराखाली ठेवतो, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

या इतिहासाचे एक पान महाराष्ट्रातच आहे. नवगाव, किहीम, झिराड, पेण, रोहा अशा कुलाब्याच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि 'शमा' ही प्रार्थना त्यांनी जपली होती. हिब्रू भाषा मात्र विस्मरणात गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दूरवरून आलेल्या दोन प्रकारच्या माणसांनी ती त्यांना पुन्हा शिकवली. कोचीनचे ज्यू शिक्षक धर्मबांधव म्हणून आले. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी आले ते धर्मांतराची आशा मनात धरून. त्यांपैकी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. बेने इस्राएलांनी मिशनच्या शाळांत शिक्षण घेतले, कित्येकांनी त्याच शाळांतून शिक्षकाचे काम केले. पण ख्रिस्ती झालेले फारच थोडे निघाले. विद्या त्यांनी घेतली, तिच्यासोबत आलेली अपेक्षा नम्रपणे परत केली. मिशनऱ्यांचे ऋण मान्य करूनही यातून एक धडा घ्यावा लागतो. विद्येच्या पोटात दुसरा हेतू असला तर शिकणारा तो ओळखतो.

या समाजाने पुढे आपल्या विद्येची परतफेड कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बेने इस्राएलांची शाळा निघाली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे रिबेका रूबेन या विदुषी तिच्या मुख्याध्यापिका होत्या. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य माणसे इस्रायलला गेली. वर्ग ओस पडले असते. पण ते शेजारच्या मुलांनी भरले. माझगावच्या या शाळेत, तसेच भायखळ्याच्या जेकब ससून शाळेत आणि कलकत्त्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये आज शिकतात ती मुख्यतः मुस्लिम मुले. पश्चिम आशियातील रक्तपाताच्या बातम्या रोज वाचणाऱ्यांनी ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

याच वृत्तीची अधिक मोठी आणि अधिक कठीण परीक्षा अमेरिकेत झाली. तेथे प्रश्न आपल्या समाजाच्या शाळेत शेजाऱ्याला जागा देण्याचा नव्हता. गुलामगिरी संपल्यानंतरही अज्ञानात डांबून ठेवलेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचा होता. शिकागोतील ज्यू उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ साली कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने दक्षिणेतील खेड्यांत शाळा बांधण्यास साहाय्य सुरू केले. १९३२ पर्यंत अशा सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्ड यांची अट अशी होती की, खर्चाचा काही भाग गावाने उचलावा आणि शाळा सरकारी शिक्षणव्यवस्थेने आपली म्हणून चालवावी. शेतमजुरांनी पै पै जमवली, जमिनी दिल्या, लाकूड तोडून आणले, स्वतः राबले. अखेरीस हिशेब झाला तेव्हा कृष्णवर्णीयांची वर्गणी सुमारे ४७ लाख डॉलर आणि रोझेनवाल्ड यांची देणगी सुमारे ४३ लाख डॉलर, असे दिसून आले. म्हणजे ज्यांना दान दिले असे जग म्हणत होते, त्यांनीच दात्यापेक्षा अधिक दिले होते.

या आकड्यांची दुसरी बाजूही विसरता येत नाही. तेच शेतमजूर सरकारला कर भरत होते. त्या करातून गोऱ्या मुलांच्या शाळा चांगल्या चालत आणि यांना आपल्या मुलांच्या शाळेसाठी पुन्हा वर्गणी काढावी लागे. एकाच शिक्षणाचे मोल त्यांनी दोनदा दिले. धनिकाच्या औदार्याने शाळा उभी राहते. पण ज्या व्यवस्थेमुळे शाळा नव्हती ती व्यवस्था तशीच राहू शकते. हा प्रश्न तीस वर्षांनी मिसिसिपी राज्यात धसाला लागला.

मिसिसिपीत मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतील एखादे कलम वाचून त्याचा अर्थ अधिकाऱ्याचे समाधान होईल असा सांगावा लागे. गोऱ्या अधिकाऱ्याचे समाधान कृष्णवर्णीय पदवीधरालाही करता येत नसे. १९६२ साली तेथील प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातांचीसुद्धा मतदारयादीत नोंद नव्हती. अक्षर हे मुक्तीचे साधन. तेथे त्याचा अडसर करून दाराला लावला होता. १९६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडून शेकडो तरुण स्वयंसेवक तेथे गेले. त्यांतील गोऱ्या तरुणांत ज्यूंचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. त्यांनी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी मिळून चाळीसहून अधिक 'स्वातंत्र्यशाळा' चालवल्या. चर्चमध्ये, घरांच्या ओसरीवर, झाडाखाली. तेथे वाचन आणि गणित तर शिकवलेच, पण विद्यार्थ्यांपुढे प्रश्नही ठेवले: आपल्याला काय नाही, ते का नाही आणि ते मिळवायचे कसे?

ज्या एका चर्चने अशा शाळेसाठी जागा देऊ केली होती, ते जून महिन्यात जाळण्यात आले. त्याची चौकशी करायला गेलेले तिघे तरुण २१ जूनच्या रात्री मारले गेले. मायकेल श्वर्नर आणि अँड्र्यू गुडमन हे न्यूयॉर्कचे ज्यू; जेम्स चेनी हा मिसिसिपीचाच कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी, १९६५ साली, मतदान हक्क कायदा झाला आणि अक्षरपरीक्षेचा तो अडसर निघाला. बाहेरून आलेल्यांचे बलिदान मोठे. पण उन्हाळा संपल्यावर ते परत गेले आणि दहशतीच्या छायेत नोंदणीच्या रांगेत उभे राहण्याचे काम मिसिसिपीच्या शेतमजुरांनी केले, हेही तितकेच मोठे आहे.

त्यानंतरचे प्रयत्न शांत, नियमित आणि म्हणूनच कमी प्रसिद्ध आहेत. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला नीट वाचता यावे, असे आवाहन अमेरिकन सरकारने केले तेव्हा १९९७ साली लेनर्ड फाइन यांच्या पुढाकाराने ज्यू संस्थांची एक राष्ट्रीय साक्षरता आघाडी स्थापन झाली. तिची पद्धत साधी होती. स्वयंसेवकाने सरकारी शाळेत ठरल्या वेळी जावे आणि मुलाशेजारी बसून त्याच्याबरोबर पुस्तक वाचावे. शिक्षिकेने सांगितलेल्या मुलाला, तिच्या सूचनेप्रमाणे, वर्षभर. यात भाषणे नाहीत आणि छायाचित्रेही नाहीत. ज्या मुलाशी घाई न करता बोलायला घरी कोणाला सवड नाही, त्याला आठवड्यातून एकदा एक माणूस फक्त त्याच्यासाठी येतो, एवढेच. हे काम टिकले तर खंड न पाडण्याने टिकते. स्वयंसेवक दोनदा येऊन थांबला, तर मुलाच्या मनात पुस्तकाबरोबर निराशाही जोडली जाते.

म्हणूनच प्रवास आणि सेवा एकत्र आली की अधिक सावध राहावे लागते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई या ज्यू संस्थेमार्फत परदेशांतील तरुण ठाण्याजवळच्या कळव्याच्या झोपडवस्तीत मुलांना शिकवण्यासाठी आले. अशा प्रवासातून खरा लाभ कोणाला होतो, असा प्रश्न कोणी विचारला तर तो आकसाचा मानू नये. काही आठवड्यांसाठी आलेला पाहुणा गरिबी पाहून, चार गाणी शिकवून आणि आठवणी घेऊन परत जाऊ शकतो. कळव्यातील कामाचा टिकाऊ भाग पाहुण्यांचा नाही. वस्तीतल्या ज्या बायका मुलांसाठी रोज ताजे जेवण रांधू लागल्या आणि त्यातून स्वतःची मिळकत करू लागल्या, तो भाग टिकाऊ. पाहुण्याने त्यांच्या हाताखाली काम करावे, हाच सेवेचा खरा क्रम आहे.

भारतात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हक्क कायद्याने दिल्यावर स्वयंसेवकाचे काम संपत नाही, पण त्याची जागा बदलते. तो सरकारी शाळेला पर्याय होऊ शकत नाही. भरती न झालेल्या शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवर बसून त्याने शासनाची लाज झाकू नये. शाळेत असूनही मागे पडलेल्या मुलाशेजारी त्याने जरूर बसावे आणि ती खुर्ची रिकामी का, हेही मोठ्याने विचारावे. रोझेनवाल्ड यांनी सरकारचा वाटा मागितला आणि मिसिसिपीच्या तरुणांनी सरकारला जाब विचारला. या दोन्ही गोष्टी एकाच स्वयंसेवकाने करायच्या आहेत.

न्याय आणि दान यांना एकाच धातूने बांधणाऱ्या भाषेपासून हे शिकण्यासारखे आहे. वाचायला शिकलेल्या मुलाने शिकवणाऱ्याचे आभार मानावेत ही अपेक्षा गैर नाही. पण त्याने पुढे एखाद्या मुलाला वाचायला शिकवावे आणि आपल्या गावातील बंद पडलेल्या शाळेबद्दल प्रश्न विचारावा, यातच ते देणे खऱ्या अर्थाने फिटते.